बर्फ गेला, पाणी उरलं

उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात, म्हणजे मिनेसोटा-विस्कॉन्सिनपासून शिकागो, टोरंटो, बफेलो करत थेट बॉस्टन आणि न्यू जर्सीपर्यंत, घराच्या दुरुस्तीचं वर्ष मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतं. पाडवाही त्याच सुमारास येतो. काही वर्षी तर अर्ध्या वितळलेल्या बर्फाच्या ढिगाशेजारीच गुढी उभी राहते. त्याच दिवसांत हार्डवेअरची दुकानं, बँका आणि विमा कंपन्या घराच्या निगराणीच्या याद्या वाटू लागतात. पन्हळी साफ करा, खिडक्यांच्या जाळ्या धुवा, धुराच्या अलार्मचे सेल बदला, डेकला रंग द्या, पाया तपासा, अशी तीस-चाळीस कलमं त्यांत असतात. यादीत खोटं काही नसतं. पंचाईत एवढीच की सगळ्या कलमांना वजन सारखंच. जाळी धुवायची राहिली तर कुणाचं काही अडत नाही. पायाशी तुंबणारं पाणी तसंच राहिलं तर सबंध बेसमेंट हातचं जातं.

म्हणून या सगळ्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर पाण्याच्या वाटेनेच घ्यावा, असं माझं मत आहे. छतापासून पायापर्यंत पाणी कुठून येतं, कुठे अडतं आणि कुठे मुरतं, एवढं पाहिलं की यादीतली निम्मी कामं आपोआप मागे पडतात. कोकणात पावसाआधी शाकारणी होते, कौलं परतली जातात. संकट पुढे असतं आणि तयारी आधी. इथे निम्मं संकट होऊन गेलेलं असतं आणि निम्मं यायचं असतं, कारण बर्फ वितळतो न वितळतो तोच एप्रिलचा पाऊस दारात उभा राहतो. हाताशी वेळ मिळतो तो जेमतेम काही आठवड्यांचा.

घराला नुकसान थंडीच्या आकड्यापेक्षा थंडी-उबेच्या येरझारांनी जास्त होतं, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. विटेच्या छिद्रात, काँक्रीटच्या चिरेत, खिडकीच्या सांध्यात शिरलेलं पाणी रात्री गोठतं, फट किंचित रुंदावतं, दुपारी वितळून आणखी आत जातं आणि रात्री पुन्हा गोठतं. 30 जानेवारी 2019 रोजी शिकागोत पारा उणे 31 सेल्सियसला टेकला, त्याची बातमी जगभर झाली. पण विटांची खरी झीज होते ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसा अधिक चार आणि रात्री उणे सहा अशा तापमानात. मिनेसोटाच्या मानाने सौम्य हिवाळा असलेल्या न्यू जर्सीतही विटांचे पापुद्रे निघतात ते याच कारणाने. थंडीची सवयच नसलेल्या प्रदेशात तर चित्र आणखी वाईट. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज गेली, घरं गार पडली आणि अ‍ॅटिकमधून व बाहेरच्या भिंतींतून नेलेले पाण्याचे पाइप राज्यभर फुटले.

आता वरून सुरुवात करू. बॉस्टनचा 2014-15चा हिवाळा छतांच्या बाबतीत धडा ठरावा असा होता. त्या मोसमात शहरात 108.6 इंच, म्हणजे पावणेतीन मीटरहून जास्त बर्फ पडला आणि त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या फेब्रुवारीत. घरोघरी वळचणीला हाताएवढे जाड सुळे लोंबू लागले, छताच्या कडेला बर्फाचे बांध तयार झाले आणि बांधामागे साठलेलं पाणी शिंगल्सच्या खालून वर चढून दिवाणखान्यात टपकू लागलं. इंग्रजीत याला आइस डॅम म्हणतात आणि मराठी घरांतही तोच शब्द चालतो.

बहुतेक लोक हा छताचा दोष समजतात आणि वसंतात छतवाल्याला बोलावतात. खरा दोष छताखाली, अ‍ॅटिकमध्ये असतो. घरातली ऊब गळून अ‍ॅटिकमध्ये जाते आणि वरचा बर्फ खालच्या बाजूने वितळतो. ते पाणी घसरत वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते, म्हणून तिथे ते पुन्हा गोठतं. अमेरिकन सैन्याच्या शीत प्रदेश संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम या तळावरच्या इमारतींचा अभ्यास करून नेमके आकडेच दिले होते: बाहेर उणे साडेपाच सेल्सियसपेक्षा कमी आणि अ‍ॅटिकमध्ये उणे एकपेक्षा जास्त तापमान असलं की त्रासदायक बर्फ साठतो. त्यांचा उपायही साधा होता. अ‍ॅटिकमधून बाहेरची थंड हवा पुरेशी खेळती ठेवा, म्हणजे छत थंड राहील आणि बर्फ जागच्या जागी पडून राहील.

तेव्हा वसंतातलं पहिलं काम अ‍ॅटिकमध्ये डोकं घालणं हे आहे. टॉर्च घेऊन वर गेलात की छताच्या फळ्यांतून खाली आलेली खिळ्यांची टोकं दिसतील. कडक थंडीत त्या प्रत्येक टोकावर पांढरा हिमकण जमलेला असतो. घरातली दमट हवा वर जाते आणि तिच्यातली वाफ गार लोखंडावर गोठते. मार्चमधल्या पहिल्या उबदार दुपारी हे सगळे कण एकदम वितळतात आणि खालच्या खोलीच्या छतावर रुपयाएवढे तपकिरी डाग उमटतात. पाऊस नाही, ऊन पडलेलं, आणि छत गळतंय! अशा वेळी शिंगल्स बदलण्यावर हजारो डॉलर घालवणारे महाभाग आहेत. खूण सोपी आहे: खिळ्याची टोकं गंजलेली असतील आणि खिळ्याभोवती फळीवर काळपट वर्तुळ असेल तर तो डाग पावसाचा नसून घरातल्या वाफेचा आहे. डाग चिमणीच्या किंवा प्लंबिंगच्या पाइपाच्या आसपास असेल, तर मात्र तिथला पत्रा किंवा रबरी बूट फाटला असण्याची शक्यता मोठी.

वाफेवरून आपल्या स्वयंपाकघरांकडे वळणं भाग आहे. दारं-खिडक्या पाच महिने घट्ट बंद, कुकरच्या शिट्ट्या दोन वेळा, वर फोडण्या आणि मंद आचेवर उकळणारी आमटी. अनेक घरांत, विशेषतः अपार्टमेंट आणि टाउनहाउसमध्ये, चुलीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही. जाळीतून फिरवून तीच हवा परत खोलीत सोडतो. बाथरूमच्या पंख्याचं तोंड तर काही घरांत थेट अ‍ॅटिकमध्येच उघडलेलं सापडतं. मग खिडकीच्या काचेवर पाण्याचे ओघळ येतात आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत काळी बुरशी धरते. हिवाळ्यात घरातली आर्द्रता 30 टक्क्यांच्या आसपास ठेवा, असं कॅनडाचं आरोग्य खातं सांगतं. दहा-पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक त्यासाठी पुरतं. वसंतात करायचं ते एवढंच: बुरशी पुसा, पंख्याची नळी कुठे जाते ते शोधा आणि ती बाहेर नेऊन सोडा. बुरशीवर रंग मारून मोकळं होऊ नका. रंगाखालून ती पुन्हा वर येते.

अ‍ॅटिकबद्दल आणखी दोन गोष्टी. थंड पट्ट्यात आज उष्णता अडवण्याच्या मापात आर-49 ते आर-60 इतकं इन्सुलेशन सुचवतात. घर जुनं असेल आणि तुळयांच्या कडा वर दिसत असतील तर ते नक्कीच कमी आहे. पण नवा थर टाकण्याआधी दिव्यांभोवतीच्या, पाइपांभोवतीच्या आणि अ‍ॅटिकच्या झडपेच्या फटी बुजवाव्या लागतात. हा क्रम चुकला तर नुसता कापूस पसरून ऊब थांबत नाही. दुसरी गोष्ट जिवाशी गाठ असलेली. जुन्या घराच्या अ‍ॅटिकमध्ये करडे-सोनेरी, चकचकीत, खडीसारखे हलके दाणे पसरलेले दिसले तर त्यांना हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट असतं. अमेरिकेतलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटाना राज्यातल्या लिबी इथल्या खाणीतून आलेलं, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण 1990 मध्ये बंद झाली, पण दाणे अजून घराघरांत आहेत. आधी तपासणी, मग बाकीचं काम.

छतावर स्वतः चढायची हौस मात्र आवरावी. शिंगल उचकटली आहे का, कुठली पट्टी गायब आहे का, हे दुर्बिणीतून जमिनीवर उभं राहूनही दिसतं. शिंगलचं वय पन्हळीत कळतं. तिथे काळ्या वाळूसारखे दाणे ओंजळभर साठले असतील तर छत म्हातारं होत आलंय. पन्हळ साफ करायला शिडी लावायचीच असेल, तर चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर हे प्रमाण पाळा आणि खाली कुणाला तरी उभं करा.

आता पाया. माझ्या लेखी सबंध वसंतातलं सर्वात मोलाचं काम हेच, आणि ते सर्वात स्वस्तही आहे. घराभोवतीची माती दर हिवाळ्यात गोठून फुगते आणि वितळून खचते. नव्या घरात पायालगतची भराव-माती पहिली काही वर्षं बसतच असते. परिणामी भिंतीकडून बाहेर जायला हवा तो उतार उलटा होतो आणि पाणी भिंतीकडे धावतं. अमेरिकेतल्या बांधकाम नियमांचं माप आहे पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार. चांगला पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक प्रदक्षिणा घाला. डबकं कुठे होतंय, पन्हळीतून पाणी कुठे सांडतंय, पन्हळीचं पाणी खाली आणणाऱ्या डाउनस्पाउटचं तोंड कुठे उघडतंय, हे पाच मिनिटांत कळतं. छतावर पडलेलं सगळं पाणी बरेचदा भिंतीला लागूनच ओतलं जात असतं. त्या तोंडाला सहा फुटी जोडपाइप लावायला दहा-वीस डॉलर लागतात. उतार करायला चिकणमातीच्या काही गोण्या. बेसमेंटला आतून जलरोधक लेप लावण्याच्या मोठ्या कोटेशनवर सही करण्याआधी हे दोन उपाय करून एक पावसाळी महिना वाट बघावी, असं मी आग्रहाने सांगेन. ओल निम्म्याहून जास्त घरांत इथेच थांबते असा दावा करत नाही. पण थांबली तर लेपाचा खर्च वाचला, आणि नाही थांबली तरी हे काम करावंच लागणार होतं.

बेसमेंटच्या भिंतीवरच्या भेगा बघून घाबरगुंडी उडते, पण सगळ्या भेगा सारख्या नसतात. केसाएवढी उभी चीर बहुधा काँक्रीट सुकताना पडलेली असते. तिच्यातून पाणी येत असेल तर भरून घ्यावी, नाहीतर सोडून द्यावी. आडवी भेग, भिंतीचा आत आलेला फुगवटा किंवा ठोकळ्यांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भेग मात्र मातीच्या दाबाची असते आणि तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा, लेप विकणारा नव्हे. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने छोटी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. पुढच्या वसंतात भेग रेघेच्या पलीकडे गेली असेल तर ती जिवंत आहे. भिंतीवर फुटलेला पांढरा लोणा हा स्वतः रोग नाही. पाणी तिथून ये-जा करतंय याची ती पावती.

ज्यांच्या बेसमेंटमध्ये संप पंप, म्हणजे खड्ड्यात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप, आहे त्यांनी मार्च उजाडताच त्याची परीक्षा घ्यावी. खड्ड्यावरचं झाकण काढा, मोठी बादलीभर पाणी हळूहळू ओता. तरंगता फुगा वर येतो, पंप घरघरतो, पाणी उतरतं आणि पंप थांबतो. यातलं काही चुकलं तर आजच प्लंबर गाठा. नंतर बाहेर जाऊन पाणी खरंच बाहेर पडलं का हेही बघा, कारण बाहेरच्या नळीत बर्फाचा बूच अडकला असेल तर पंप फिरतो आणि पाणी परत खड्ड्यातच येतं. हे पंप साधारण सात ते दहा वर्षं टिकतात. वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच पंप लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप ही चैन म्हणता येणार नाही. टोरंटो शहर संप पंप आणि सांडपाणी उलट येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवायला अनुदान देतं. आपल्या नगरपालिकेकडे असं काही आहे का, हे एका फोनने कळतं.

बाहेरचा नळ फार थोड्यांच्या लक्षात येतो. ऑक्टोबरात बागेची नळी त्याला तशीच लटकत राहिली असेल तर आत अडकलेलं पाणी गोठून भिंतीच्या आतला पाइप चिरतो. हिवाळाभर त्याचा पत्ता लागत नाही, कारण नळ बंद असतो. एप्रिलच्या एखाद्या शनिवारी झाडांना पाणी घालायला नळ सोडला जातो. बाहेर धार बारीक आणि आत बेसमेंटच्या छतातून पाऊस. म्हणून पहिल्यांदा नळ उघडताना एकाने आत उभं राहावं. नळ पूर्ण सोडून तोंडावर अंगठा दाबा. अंगठ्याने धार सहज अडली तर दाब कमी आहे आणि पाइप आत फुटला असण्याची दाट शक्यता आहे. ताबडतोब आतला व्हॉल्व्ह बंद करा.

उरलेल्या बाहेरच्या कामांना घाई नाही. विटांच्या सांध्यांतला चुना गळाला असेल तर उन्हाळ्यात भरून घ्यावा, तोही जुन्या विटांना मऊ मसाल्याने. कडक सिमेंट भरलं तर पुढच्या हिवाळ्यात सांधा टिकतो आणि वीटच फुटते. मिठाने ड्राइव्हवेच्या काँक्रीटचे पोपडे निघतात, त्यावर वसंतात इलाज नाही; पुढच्या वर्षी मीठ कमी टाका. डांबरी ड्राइव्हवेच्या भेगा भरणं योग्य, पण दर वर्षी सगळ्या ड्राइव्हवेला काळा लेप देण्याचा जो रिवाज पडलाय तो मला तरी विकणाऱ्यांच्या फायद्याचा वाटतो. डेकचं मात्र गंभीरपणे बघायला हवं. घराला जिथे तो बोल्टने जोडलेला असतो, तिथल्या फळीत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. सहज आत गेला तर लाकूड सडलंय, आणि ग्रॅज्युएशनच्या पार्टीला तीस माणसं त्या डेकवर उभी राहणार आहेत. 1978 पूर्वीच्या घराचा रंग खरवडायचा असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर ते काम जाणकाराकडेच द्यावं.

वाळवी आणि सुतारमुंग्या याच दिवसांत पंख फुटून बाहेर पडतात. खिडकीच्या कट्ट्यावर गळून पडलेल्या पंखांचा छोटा ढीग दिसला की टाळाटाळ नको. त्यांनाही ओलं लाकूडच आवडतं, म्हणजे पुन्हा पाणीच. एसी मात्र बाहेर पंधरा-सोळा अंशांच्या वर गेल्याशिवाय चालवून बघू नये. ड्रायरच्या नळीत चिमण्यांनी घरटं केलं नाही ना, हे बाहेरून पाहावं. धुराचा अलार्म दहा वर्षांचा झाला असेल तर सेल बदलण्यापेक्षा अलार्मच बदलावा.

वादळी हिवाळ्यानंतर दारावर थाप पडते. "शेजारी काम चालू होतं, तुमच्या छतावरही नुकसान दिसलं" असं म्हणत कुणी तरी शिडी घेऊन उभा असतो. त्याला छतावर चढू देऊ नये, पुढचं बोलणंच नको. अमेरिकेत दारावर येऊन केलेल्या विक्रीचा करार तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतो, ओंटारियोत दहा दिवसांत. ओंटारियोत तर मार्च 2018 पासून फर्नेस, एसी, वॉटर हीटर अशा वस्तू न बोलावता दारावर विकायलाच बंदी आहे. परवाना, विमा आणि लेखी कोटेशन या तिन्ही गोष्टी न दाखवणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत, मग तो आपल्या मराठी मंडळातला ओळखीचा का असेना. टाउनहाउस किंवा काँडोत राहणाऱ्यांनी आधी संस्थेची कागदपत्रं काढावीत. छत, पन्हळ, बाहेरची भिंत कुणाच्या जबाबदारीवर आहे हे तिथे लिहिलेलं असतं. वसंतातच लेखी तक्रार गेली तर उन्हाळ्यात काम होतं.

शेवटी विमा, कारण इथे गैरसमज फार आहेत. अमेरिकेतली नेहमीची घराची पॉलिसी पुराचं नुकसान भरून देत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो बहुधा तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे नदी फुगल्यावर घेऊन उपयोग नाही. सांडपाणी उलट येऊन झालेल्या नुकसानीसाठीही बहुतेक ठिकाणी वेगळी जोडपॉलिसी लागते. आपल्या लोकांना लागू पडणारं सर्वात मोठं कलम मात्र आणखी आत दडलेलं असतं. अनेक कॅनडियन पॉलिसींत अशी अट असते की हीटिंगच्या मोसमात चार दिवसांहून जास्त घर बंद असेल, तर कुणी तरी रोज येऊन पाहणी करायला हवी किंवा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाइप रिकामे करायला हवेत. तसं केलं नसेल आणि पाइप फुटला तर भरपाई मिळत नाही. अमेरिकन पॉलिसींतही घरात ऊब राखली नसेल तर अशीच अडचण येते. डिसेंबर-जानेवारीत तीन-चार आठवडे पुण्या-नाशिकला जाऊन येणारी कुटुंबं या अटीत नेमकी सापडतात. तेव्हा भारताची तिकिटं काढण्याआधी पॉलिसीतलं ते पान वाचा, शेजाऱ्याशी चावीचं ठरवा, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे व तो खरंच फिरतो का, हे याच महिन्यात स्वतः फिरवून बघा.